पॉइंट टू-टू पिस्तूल : नेम ठरतो नळीच्या बैठकीवर

पंचवीस मीटर पिस्तूल नेमबाजीच्या संथ फेरीत लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. ते वर्तुळ गाठण्यासाठी हात स्थिर हवा, श्वास ताब्यात हवा आणि चाप सफाईने ओढता आला पाहिजे, हे नेमबाजीची थोडीफार आवड असलेल्यांना ठाऊक असते. मात्र हातातल्या पिस्तुलाची नळी कोणत्या भागात आणि कशी बसवली आहे, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक नेमबाजाने केलेली सारी मेहनत नळीच्या या बैठकीतूनच लक्ष्यापर्यंत पोहोचते. बैठक कच्ची असेल, तर उत्तम नेमबाजाचाही गुण हातचा जातो.

महाराष्ट्राला हा क्रीडाप्रकार परका नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी तिची बरोबरी झाली होती आणि निकाल शूट-ऑफमध्ये लागला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विजयकुमारने रॅपिड फायर प्रकारात रौप्यपदक पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचे याच २५ मीटर प्रकारातील कांस्यपदक शूट-ऑफमध्ये हुकले. या सर्व लढती '.२२ लाँग रायफल' या छोट्या काडतुसावर चालणाऱ्या पिस्तुलांनी झाल्या. एकेका गोळीवर पदक ठरणाऱ्या या खेळात पिस्तुलाच्या रचनेला म्हणूनच महत्त्व येते.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाच्या पितळी पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली एक कडा असते. रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारे रसायन या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिनचा घाव कडेवर बसला, की ती चेपते, रसायन पेटते आणि पाठोपाठ आतली दारू पेट घेते. सेंटरफायर काडतुसात मात्र बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते.

रिमफायरची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या लुई-निकोला फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास तिचा पाया घातला. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी '.२२ शॉर्ट' हे काडतूस आणले. आज सर्वत्र वापरले जाणारे '.२२ लाँग रायफल' हे काडतूस स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये तयार केले. नावात 'रायफल' असले तरी पिस्तुलांतही तेच चालते.

पिनच्या घावाने चेपायची असल्यामुळे पुंगळीची कडा पातळच ठेवावी लागते. साहजिकच या काडतुसात फार मोठा दाब निर्माण होऊ देता येत नाही. अमेरिकी मानकानुसार '.२२ लाँग रायफल'चा कमाल दाब दर चौरस इंचाला २४ हजार पौंड इतका आहे. पोलिस व लष्कराच्या वापरातील ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसासाठी हीच मर्यादा ३५ हजार पौंड आहे. गोळीच्या वजनातही मोठा फरक असतो. '.२२' ची नेहमीची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, तर ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ८ ग्रॅमची असते. या साऱ्याचा परिणाम म्हणून '.२२' चा मागे बसणारा धक्का मोठ्या काडतुसाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतका राहतो. या दुबळेपणामुळेच नळी स्थिर ठेवण्याची सोय रचनाकारांना मिळाली आहे.

न हलणारी नळी

काडतूस पेटले, की गोळी पुढे जाते आणि तेवढाच रेटा पुंगळीला मागे बसतो. जोरदार काडतुसाच्या पिस्तुलात पुंगळी लवकर बाहेर आली, तर ती फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे दाब उतरेपर्यंत नळी आणि तिच्यावरून मागे-पुढे सरकणारी स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात. जॉन ब्राउनिंग यांनी रूढ केलेल्या रचनेत नळी स्लाइडबरोबर किंचित मागे येते, तिचे मागचे टोक खाली झुकते आणि मग दोन्ही भाग सुटे होतात. म्हणजे प्रत्येक गोळीला नळी आपली जागा सोडते आणि पुढच्या गोळीपूर्वी तिला नेमके त्याच जागी परतावे लागते. हा परतीचा प्रवास अचूक व्हावा म्हणून मोठ्या स्पर्धा पिस्तुलांत कुशल कारागिरांना फार बारीक घासकाम करावे लागते.

'.२२' च्या पिस्तुलाला या खटाटोपाची गरज भासत नाही. बोल्टचे किंवा स्लाइडचे वजन आणि तिच्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच पुंगळी पुरेसा वेळ थोपवून धरता येते. या पद्धतीला 'ब्लोबॅक' म्हणतात. तिच्यात नळी जागेवरच राहते आणि फक्त बोल्ट मागे-पुढे होतो. त्यामुळे रचनाकारापुढे दोनच मुख्य प्रश्न उरतात. नळी कोणत्या भागाला जोडायची आणि मागची साइट कोणत्या भागावर ठेवायची? साइट म्हणजे नेम धरण्याची खूण. नळीच्या टोकाकडील पुढच्या साइटला जुन्या मराठीत 'माशी' म्हणत. मागच्या साइटच्या खाचेतून ही माशी पाहून नेमबाज नेम धरतो.

दशांश मिलिमीटरची किंमत

या दोन प्रश्नांचे महत्त्व साध्या त्रैराशिकाने कळते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे २५ हजार मिलिमीटरवर असते. साइटच्या जागेत एक मिलिमीटरचा फरक पडला, तर लक्ष्यावर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. फरक केवळ दशांश मिलिमीटरचा असला, तरी गोळी ११ मिलिमीटर सरकते. संथ फेरीच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २५ मिलिमीटर आहे. म्हणजे जाड कागदाच्या जाडीइतक्या ढिलाईने या त्रिज्येचा जवळजवळ निम्मा भाग खाऊन टाकला. उरलेल्या निम्म्यात नेमबाजाने आपल्या हाताचा कंप, काडतुसांतील फरक आणि वारा या सर्वांना सामावून घ्यायचे असते.

नळीचेही असेच आहे. दीडशे मिलिमीटर लांबीची नळी साइटच्या तुलनेत टोकाशी पाच शतांश मिलिमीटरने कलली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे आठ मिलिमीटर बाजूला पडते. यात 'साइटच्या तुलनेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नळी आणि दोन्ही साइट एकाच भागावर पक्क्या असतील, तर तो भाग मुठीच्या सांगाड्यावर किंचित हलला तरी नुकसान होत नाही, कारण नेमबाज साइट पाहून नेम धरतो आणि नळीही साइटसोबतच हललेली असते. मात्र नळी एका भागावर आणि साइट दुसऱ्यावर असेल, तर त्या दोन भागांच्या सांध्यातील प्रत्येक ढिलाई थेट लक्ष्यावर उमटते. '.२२' पिस्तुलांच्या साऱ्या रचना या कसोटीवर तपासता येतात.

फ्रेममध्ये आवळलेली नळी

पहिले उत्तर सर्वांत सरळ होते. कोल्ट कंपनीने १९१५ मध्ये ब्राउनिंग यांच्याच रचनेवर आधारित '.२२' चे लक्ष्यवेधी पिस्तूल बाजारात आणले. १९२७ पासून ते 'वुड्समन' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९७७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. या पिस्तुलाची नळी आटे पाडून थेट फ्रेमच्या पुढच्या भागात आवळलेली असते. स्लाइड केवळ मागच्या अर्ध्या भागात असते आणि नळी पुढे उघडी दिसते. '.२२' पिस्तुलाची आज ओळखीची झालेली सडपातळ आकृती इथूनच रूढ झाली.

आट्यांनी आवळलेली नळी हलत नाही, हा या रचनेचा मोठा गुण आहे. दोष दोन आहेत. नळी झिजली किंवा खराब झाली, तर ती बदलणे हे जाणकार कारागिराचे काम होते. शिवाय फ्रेमचा मागचा भाग आडवा येत असल्याने अशा बहुतेक पिस्तुलांत साफसफाईची सळई नळीच्या तोंडाकडून घालावी लागते. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिला शेवटचा स्पर्श नळीच्या तोंडाच्या कडेचा होतो. तीच कडा सळईने घासली गेली, तर अचूकता कायमची बिघडू शकते.

अंध रचनाकाराचा पूल

फ्रेममध्ये नळी पक्की करूनही मागच्या साइटचा प्रश्न उरतो. ती स्लाइडवर बसवली, तर प्रत्येक गोळीला ती मागे जाऊन पुढे येते. स्लाइड आणि फ्रेम यांच्यातील खाचा झिजू लागल्या, की साइट दर वेळी थोड्या वेगळ्या जागी स्थिरावते. या अडचणीवर सोव्हिएत संघातील मिखाईल मार्गोलिन यांनी शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे.

मार्गोलिन यांची दृष्टी १९२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डोक्याला झालेल्या जखमेमुळे गेली. तरीही त्यांनी शस्त्ररचनेचे काम सोडले नाही. यंत्राचे भाग ते बोटांनी चाचपून समजून घेत. आपली कल्पना इतरांना दाखवण्यासाठी ते चिकणमातीसारख्या प्लॅस्टिसिनचे, मेणाचे आणि लाकडाचे नमुने घडवत. त्या नमुन्यांवरून आरेखक नकाशे तयार करत. या पद्धतीने साकारलेले त्यांचे '.२२' पिस्तूल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत उत्पादनात आले आणि पुढे अनेक देशांतील नेमबाजांच्या हाती पोहोचले.

या पिस्तुलात मागची साइट स्लाइडवर नाही. फ्रेमपासून वर उचललेली एक कमान स्लाइडच्या माथ्यावरून जाते आणि साइट त्या कमानीवर बसते. स्लाइड या पुलाखालून मागे-पुढे धावते, साइट मात्र जागेवर राहते. नळी फ्रेमला पक्की आणि साइटही फ्रेमलाच पक्की असल्याने दोघांचे नाते गोळीगणिक बदलत नाही. अमेरिकेतील हाय स्टँडर्ड कंपनीनेही १९६० च्या दशकात आपल्या स्पर्धा पिस्तुलांत स्लाइडवरून जाणारा असाच पूल वापरला. मार्गोलिन यांच्या पिस्तुलाला एक वेगळीच प्रसिद्धीही लाभली. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात राजकन्या लेयाच्या हातातील काल्पनिक शस्त्र याच पिस्तुलावर साज चढवून बनवलेले होते.

नळकांड्यातला बोल्ट

तिसरा मार्ग विल्यम रुगर यांचा. महायुद्धानंतर त्यांच्या हाती जपानी 'नांबू' पिस्तुले आली. या पिस्तुलांत सरकणाऱ्या मोठ्या स्लाइडऐवजी गोल बोल्ट होता. त्या कल्पनेचा अभ्यास करून रुगर यांनी '.२२' पिस्तुलाचा आराखडा केला. अलेक्झांडर स्टर्म यांच्या भांडवलावर १९४९ मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात त्यांची कंपनी उभी राहिली आणि ३७ डॉलर ५० सेंट या किमतीला ते पिस्तूल विक्रीस आले.

या पिस्तुलाचा वरचा भाग म्हणजे एक पोलादी नळकांडे असते. त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी आट्यांनी रिसीव्हरच्या पुढच्या टोकात घट्ट बसवलेली असते आणि बोल्ट रिसीव्हरच्या पोटात मागे-पुढे होतो. पुढची साइट नळीवर आणि मागची साइट रिसीव्हरवर असते. नळी व रिसीव्हर एकजीव असल्यामुळे साइट आणि नळी कायम एकमेकांशी बांधलेल्या राहतात. मुठीची फ्रेम खालून येऊन या जोडगोळीला केवळ धरून ठेवते. ही फ्रेम पत्र्याचे दोन साचेबंद अर्धे भाग जोडून केलेली होती. तिच्यात महागड्या यंत्रकामाची गरज नव्हती, कारण अचूकतेचा भार तिच्यावर नव्हताच. स्वस्त पिस्तूल नेमके कसे असू शकते, या कोड्याचे उत्तर या एका रचनेत आहे.

बोल्ट काढल्यावर रिसीव्हर मागून उघडा होतो आणि सळई मागच्या बाजूने घालता येते, हा आणखी एक फायदा. मात्र पिस्तूल खोलून पुन्हा जोडणे हे या मालिकेचे दुखणे होऊन बसले. मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री अशा आवृत्त्या निघत गेल्या, तरी हातातल्या भागांशी झटापट करणारे ग्राहक तक्रार करतच राहिले. अखेर २०१६ मध्ये आलेल्या मार्क फोरमध्ये एक बटण दाबताच वरचा भाग बिजागरीवर उघडेल अशी सोय करण्यात आली. मूळ तत्त्व मात्र १९४९ चेच राहिले.

सुटी होणारी नळी

चौथा गट नळी सहज काढता यावी, यासाठी धडपडणाऱ्यांचा आहे. एकाच फ्रेमवर कधी लांब, कधी आखूड, तर कधी जड नळी बसवता आली, तर एका पिस्तुलात दोन-तीन पिस्तुलांची सोय होते. साफसफाईही योग्य बाजूने करता येते. हाय स्टँडर्डने १९५० च्या दशकात फ्रेमच्या पुढच्या भागातील बटण दाबून नळी सोडवण्याची पद्धत आणली. परंतु पुढची साइट नळीवर आणि मागची साइट स्लाइडवर किंवा फ्रेमवरील पुलावर असेल, तर नळी पुन्हा बसवताना सांध्याची अचूकता कळीची ठरते.

स्मिथ अँड वेसनच्या १९५७ मधील 'मॉडेल ४१' ने हा पेच सोडवला. या पिस्तुलात चापाभोवतीची कडी पुढच्या बाजूने खाली ओढली, की नळी सुटते. खरी करामत मात्र वरच्या बाजूस आहे. नळीच्या माथ्यावरून एक पोलादी पट्टी मागे स्लाइडवर झेपावते आणि मागची साइट त्या पट्टीच्या टोकावर बसते. दोन्ही साइट अशा रीतीने नळीच्याच भागावर येतात. नळी काढली तर साइटही सोबत निघतात, पुन्हा बसवली तर सोबतच परततात. सांध्यात किंचित फरक पडला तरी नळी आणि साइटचे नाते अबाधित राहते. रुगरने स्वस्तात साधलेले तत्त्व इथे सुटी नळी ठेवून साधले गेले. त्यासाठी नळी, पट्टी आणि फ्रेम यांवर बारीक यंत्रकाम करावे लागते आणि ते किमतीत दिसते.

ब्राउनिंग कंपनीच्या १९८५ मधील 'बक मार्क'ने मधला मार्ग धरला. तिची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. नळी फ्रेमच्या पुढच्या पाळण्यात बसते आणि खालून येणारा एकच स्क्रू तिला आवळून धरतो. मागची साइट ज्या पट्टीवर आहे, ती पुढे नळीला आणि मागे फ्रेमला जोडलेली असते. स्क्रूने धरलेल्या कोणत्याही नळीत तो स्क्रू किती आवळला आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. सैल राहिला, तर गोळ्या विखुरतात. जास्त आवळला, तर मऊ धातूचे आटे दुखावतात. स्मिथ अँड वेसनने २०१६ मध्ये आणलेल्या 'व्हिक्टरी' या पिस्तुलातही नळी एका स्क्रूने सोडवता येते.

स्पर्धेसाठी खास बांधणी

ऑलिम्पिक स्तरावरील पिस्तुलांनी या सर्व अनुभवांचा सारांश काढला. जर्मनीच्या वाल्थर कंपनीचे १९६८ मधील 'जीएसपी' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात मॅगझिन मुठीतून काढून चापाच्या पुढे नेले आहे. नळी एका चौकोनी रिसीव्हरला जोडलेली असते, बोल्ट त्याच्या आत धावतो आणि साइट या वरच्या भागावरच असतात. खाली मूठ आणि चापाची यंत्रणा राहते. वरचा संपूर्ण भाग बदलून हेच पिस्तूल '.३२' च्या सेंटरफायर काडतुसासाठीही वापरता येते. नेमबाजाच्या हाताला मूठ आणि चाप तेच राहतात, नळी-साइटची जोडी मात्र एकत्र बदलते. इटलीच्या पार्दिनीसारख्या कंपन्यांच्या स्पर्धा पिस्तुलांतही मॅगझिन चापापुढे ठेवण्याची रचना दिसते.

मोठ्या पिस्तुलांचे धाकटे भाऊ

सैनिकी किंवा पोलिसी पिस्तुलासारखे दिसणारे '.२२' पिस्तूल सरावासाठी हवे, ही मागणीही जुनी आहे. दारूगोळ्याचा खर्च कमी आणि हाताची सवय तीच, असा त्यामागचा हिशेब. पण मोठ्या पिस्तुलाची जड स्लाइड '.२२' च्या दुबळ्या धक्क्याने मागे जात नाही. कोल्टने १९३१ मध्ये आपल्या प्रसिद्ध '१९११' पिस्तुलाचे 'एस' नावाचे '.२२' रूप काढले, तेव्हा स्लाइडचे वजन कमी करावे लागले. पुढे १९३७ च्या सुमारास आलेल्या 'सर्व्हिस एस'मध्ये डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची 'तरंगती' कोठी वापरली गेली. काडतूस ज्या कोठीत बसते ती नळीपासून वेगळी केली होती. वायूचा दाब कोठीच्या पुढच्या तोंडावरही पडे आणि कोठीच मागे सरकून स्लाइडला जोराचा धक्का देई. कोठी हलती ठेवून धक्का वाढवण्याचा हा प्रकार होता. विल्यम्स यांच्या आयुष्यावर 'कार्बाइन विल्यम्स' हा चित्रपट १९५२ मध्ये निघाला.

एकविसाव्या शतकातील उत्तरे साहित्याच्या अंगाने आली. वाल्थरच्या २००२ मधील 'पी-२२' पिस्तुलात फ्रेम प्लॅस्टिकची आणि स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची आहे. तिच्यात पोलादाची बारीक नळी एका जाड आवरणात घालून पुढच्या टोकाला नटाने ओढून बसवलेली असते आणि ही जोडी फ्रेमला पक्की असते. मागची साइट मात्र स्लाइडवर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'ग्लॉक ४४' ने वजनाचा प्रश्न पोलाद आणि प्लॅस्टिक यांची मिश्र स्लाइड करून सोडवला. ही पिस्तुले सरावासाठी सोयीची आहेत. सांध्यातील थोडी ढिलाई त्यांत चालवून घेतली जाते, कारण त्यांच्याकडून पन्नास मिलिमीटरच्या वर्तुळाचा हट्ट कोणी धरत नाही.

लाल ठिपका दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साइटने हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. असा ठिपका स्लाइडवर बसवला, तर तो प्रत्येक गोळीला हलतो, शिवाय त्याचे वजन '.२२' च्या हलक्या स्लाइडला जड जाते. टॉरस कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या 'टीएक्स-२२ कॉम्पिटिशन' या पिस्तुलात स्लाइडचा माथा मोकळा ठेवून ठिपक्याची साइट थेट नळीवर बसवली. मॉडेल ४१ च्या पट्टीमागचा विचारच इथे नव्या साधनाने अंमलात आला.

निवड करताना

नव्या नेमबाजाला क्लबमध्ये पिस्तूल हाती घेताना या माहितीचा उपयोग होतो. काडतुसे काढून पिस्तूल रिकामे असल्याची खात्री केल्यावर, आणि पिस्तूल सुरक्षित दिशेलाच रोखून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तीन गोष्टी पाहाव्यात. मागची साइट कोणत्या भागावर आहे, नळी त्याच भागाशी पक्की आहे का आणि नळी साफ करण्यासाठी सळई मागून घालता येते का? गोळ्या अचानक विखुरू लागल्या, तर हाताला दोष देण्यापूर्वी नळीचा स्क्रू आणि साइटचे स्क्रू तपासून घेणे शहाणपणाचे. सुटी होणारी नळी गरज नसताना वारंवार काढू नये. प्रत्येक काढण्या-घालण्यात सांधा थोडा झिजतो.

सुट्या नळीच्या बाबतीत कायद्याचेही भान हवे. अमेरिकेत अनुक्रमांक असलेला मुख्य भाग म्हणजेच शस्त्र, असे मानले जाते. मॉडेल ४१ आणि बक मार्क यांचा अनुक्रमांक फ्रेमवर असल्याने तिथे वेगळी नळी सुटा भाग म्हणून मिळते. रुगरच्या मार्क मालिकेत मात्र अनुक्रमांक नळीशी एकजीव असलेल्या रिसीव्हरवर असतो, त्यामुळे तो भाग घेणे म्हणजे नवे शस्त्र घेणेच ठरते. भारतात स्थिती आणखी कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील शस्त्रांच्या व्याख्येत त्यांचे भागही येतात. '.२२' चे पिस्तूल खेळाचे असले, तरी ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

शंभराहून अधिक वर्षांत नळी बसवण्याच्या अनेक तऱ्हा झाल्या. त्यांतील टिकलेल्या रचनांचे सूत्र एकच दिसते. नेमबाज जिथे पाहतो ती साइट आणि गोळी जिथून जाते ती नळी, या दोघींमध्ये जितके कमी सांधे, तितके दहाचे वर्तुळ जवळ.

चौकट : २५ मीटर रिमफायर पिस्तुलाचे आंतरराष्ट्रीय नियम

काडतूस : ५.६ मिलिमीटर, '.२२ लाँग रायफल'. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पूर्वी '.२२ शॉर्ट' वापरले जाई. २००५ पासून त्याचा वापर बंद झाला.

नळीची लांबी : कमाल १५३ मिलिमीटर. मॉडेल ४१ ची मूळची सात इंचांहून लांब नळी या मर्यादेत बसत नाही, साडेपाच इंची नळी बसते.

दोन साइटमधील अंतर : कमाल २२० मिलिमीटर.

पिस्तुलाचे वजन : कमाल १४०० ग्रॅम.

चापाचा ताण : किमान १००० ग्रॅम.

दहाचे वर्तुळ : संथ फेरीच्या लक्ष्यावर ५० मिलिमीटर, जलद फेरीच्या लक्ष्यावर १०० मिलिमीटर व्यास.